'बसा' म्हणायचं नाही

धनश्रीनं हरिओमला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं तोंड दिसतच नव्हतं. दिसत होते फक्त दोन पाय, धुळीनं माखलेल्या चपला, आणि डोक्यावर लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची ही एवढी उंच चवड. ती चवड घाटनांदूरच्या बाजारगल्लीतून डुलत डुलत येत होती आणि समोरून धनश्री मोबाइलमध्ये तोंड खुपसून एका दुकानाचा पत्ता शोधत निघाली होती. व्हायचं तेच झालं. चवड कलली, वरच्या खुर्च्या खडखडत खाली आल्या, आणि त्यातली एक नेमकी धनश्रीच्या पुढ्यात चारी पायांवर नीट उभी राहिली.

मागून एक चेहरा बाहेर आला. घामानं थबथबलेला. त्यानं आधी तिच्या पायांकडं पाहिलं, लागलं तर नाही ना म्हणून. मग तिच्याकडं पाहिलं, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "बसा."

भर रस्त्यात, मागं ऊस भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असताना, हा बाबा बसा म्हणत होता. धनश्रीला हसू आवरेना. ती हसली तसा तोही हसला. मग दोघांनी मिळून खुर्च्या गोळा केल्या, ट्रॅक्टरवाल्याच्या चार शिव्या खाल्ल्या आणि कडेला आले. ती ज्याचं दुकान शोधत होती तो मंडपवाला हाच, हे तिला शेवटची खुर्ची उचलताना कळलं.

तिला खुर्च्याच पाहिजे होत्या. रोज सकाळी, महादेवाच्या देवळासमोर.

"कार्यक्रम काय हाय, मॅडम? बारसं? साखरपुडा?"

"म्हाताऱ्या माणसांना उठवायचंय."

हरिओमनं मान खाजवली. "पण आमच्या खुर्च्या बसायच्या हाइत."

"बसल्याशिवाय उठणार कसं माणूस?" ती म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत खुर्च्या देवळासमोर आलेल्या होत्या, पुसून-बिसून.

धनश्री मूळची चकलांब्याची. फिजिओथेरपी शिकली आणि एका संस्थेत लागली. संस्थेनं तिला गुढीपाडव्यापर्यंत घाटनांदूरला नेमलं होतं. काम एवढंच, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घरात आणि चारचौघांत हलतं-फिरतं ठेवायचं, म्हणजे ती पडणार नाहीत आणि पडली तरी उठतील. तिला वाटलं होतं, दोन आठवड्यांत घडी बसेल. पण गावानं तिला वेगळंच काही शिकवलं.

पहिल्याच दिवशी शिवकन्यामावशींनी हात वर करायला नकार दिला. हात वर केला की पदर डोक्यावरून घसरायचा, आणि समोरच्या ओळीत त्यांचे थोरले दीर बसलेले. मावशींची सत्तरी उलटली होती, दिरांना तर दिसतही नव्हतं धड. पण मान तो मान. बाकीच्या बायकाही कुणाच्या ना कुणाच्या सुना निघाल्या आणि सगळ्या पदर दातात धरून गप्प बसून राहिल्या. धनश्रीनं समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी कडेला टेम्पोजवळ उभा असलेला हरिओम पुढं आला आणि त्यानं काही न बोलता बायकांची सगळी ओळ उलटी फिरवली. पाठीला पाठ. गड्यांची तोंडं देवाकडं, बायकांची लिंबाच्या झाडाकडं. मग काय विचारता, मावशींचे दोन्ही हात असे वर गेले की बांगड्या कोपरापर्यंत आल्या.

दुसरी अडचण मोठी होती. कुणी म्हातारा माणूस खुर्चीतून उठायला लागला, की येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "बसा, बसा अण्णा. कावून उठायलाव?" आणि अण्णा बसायचे. मोठ्या माणसाला उठू द्यायचं म्हणजे त्याचा अपमान, अशी सगळ्यांची समजूत. मुलगा पाणी आणून देणार, सून ताट हातात देणार, नातू चप्पल पायाशी ठेवणार. बापाला जागचं हलावं लागत नाही यातच मुलाची अब्रू. धनश्रीनं देवळाच्या खांबापाशी उभं राहून नियम सांगितला, की इथं कुणीही कुणाला बसा म्हणायचं नाही.

हा नियम सगळ्यांत जास्त कुणी मोडला असेल तर हरिओमनं. त्याचा धंदाच तो. तोंडातून बसा निघालं की तो जीभ चावायचा आणि धनश्रीकडं चोरून बघायचा. तीही रागानं बघायची, निदान बघायचा प्रयत्न करायची. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं की मग सगळाच राग फुकट.

त्याचं घर आणि तिची भाड्याची खोली एकाच गल्लीत, दोन टोकांना. येता-जाता ती त्याच्या आजीला, कडूबाईला बघायची. अंगणात उन्हाला बाज टाकलेली असायची. हरिओम सकाळी आजीला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणायचा, न्हाणीत न्यायचा, परत आणायचा, पाठीला उशी लावायचा, भाकरी दुधात कुस्करून द्यायचा. आई-बाप लहानपणीच गेले होते, आजीनं वाढवला होता. गल्लीतल्या बायका त्याला श्रावणबाळ म्हणायच्या, आणि ते थट्टेत नाही, मनापासून.

कडूबाई मेंढपाळीण. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघायचं, ज्याच्या त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि आभाळ भरून यायला लागलं की घरी परतायचं. हरिओम हाताशी आला तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं, तर आजीची पायपीट थांबवली. मेंढरं विकली, खुर्च्या आणि मंडपाचं सामान घेतलं. आजे, तू आता बस, म्हणाला. ती बसली. गेल्या वर्षी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण पाय काही जमिनीला लागले नाहीत. आता संध्याकाळी टेम्पो आला की ती बाजेवरून विचारायची, "आली का सगळी?" हरिओम खुर्च्या उतरवता उतरवता म्हणायचा, आली. तिला आपली मेंढरंच वाटत असावीत ती.

धनश्री हे सगळं रोज बघायची आणि काही बोलायची नाही. बोलायला पाहिजे होतं, ते तिचं कामच होतं. पण तो आजीला ज्या हळुवारपणे उचलायचा ते बघत ती जागीच थांबायची. असा माणूस तिनं पाहिला नव्हता. त्याला चूक म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती, आणि का उचलत नाही हे तिला कळत नव्हतं असंही नाही.

मग बिभीषणआबा गेले.

आबा मोठ्या घरचे. पोरं राजकारणात, दारात गाड्या. थंडीच्या सुरुवातीला आबा एक दिवस काठी टेकत देवळासमोर आले होते, शेवटच्या खुर्चीमागं उभे राहून त्यांनी सगळ्यांसोबत टाचा उचलल्या होत्या. लहान पोरासारखे खूश झाले होते. तेवढ्यात थोरल्या मुलाची गाडी आली. आबा, लोक काय म्हणतील, घरात गाड्या कमी आहेत का, असं म्हणत त्यानं बापाला मोठ्या मानानं गाडीत बसवून नेलं. त्यानंतर आबा ओसरीतल्या दिवाणावरच दिसले. भेटायला येणारे पाया पडायचे, आबा हात वर करायचे, एवढीच काय ती हालचाल. थंडीत छाती भरली, पाठीला जखमा झाल्या, आणि संपलं. मुलगा धाय मोकलून रडला. खोटं नव्हतं ते रडणं. बापाचं सगळं केलं होतं त्यानं.

दहाव्याला खुर्च्या हरिओमच्याच होत्या. माणसं पांगल्यावर तो टेम्पोत खुर्च्या भरत होता आणि धनश्री त्याच्या हातात एकेक देत होती. 

"आजीचं पण असंच होईल," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"हाड जुळलंय, हरिओम. वर्ष होत आलं. तुम्ही रोज उचलता म्हणून पाय गेले त्यांचे. जितकं जपाल तितकं..."

"मग काय पडू द्यू तिला?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मला अंगाखांद्यावर घेऊन रानोमाळ फिरली ती. आणि मी उचलू नको?"

त्यानं तिच्या हातातली खुर्ची घेतली, टेम्पोचं फाळकं लावलं आणि निघून गेला. पुढचे किती तरी दिवस खुर्च्या वेळेवर यायच्या, पण आणणारा मान वर करायचा नाही. धनश्री मोठ्या आवाजात हात वर, हात खाली म्हणायची, आणि आतून तिचं कशातच लक्ष नसायचं.

एके सकाळी वर्ग सुटल्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे तारवटलेले.

"काय करू ते सांगू नका," तो म्हणाला. "काय करू नको, ते सांगा. करायचं मला लई येतं."

"उचलू नका," ती म्हणाली. "आणि हात पुढं करू नका. मागं बांधा."

त्या दिवसापासून ती दुपारी त्याच्या घरी जाऊ लागली. कडूबाईला मधे घालून दोघं समोरासमोर उभी राहायची. भिंतीला टेकवलेली, हात असलेली खुर्ची, समोर वाकायचं, पाय दाबायचे, उठायचं. कडूबाई आधी नुसती शिव्या द्यायची. हऱ्या म्हणत नातवाला द्यायची, धनश्रीला द्यायची, संस्थेलाही द्यायची. मग एक दिवस ती उठली. पाय लटलट कापत होते आणि हरिओम मागं हात बांधून उभा होता, बोटं बोटांत अशी रुतवून की नखं पांढरी झालेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात सोडवता येत नव्हते. धनश्रीनं ओढणीचं टोक पुढं केलं... आणि मधेच थांबवलं. कडूबाई उभी होती ना मधे. म्हातारीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि मुकाट्यानं खाली बसली.

फाल्गुनात अवकाळी आला. सकाळचा वर्ग चालू असताना आभाळ दाटलं, वारा सुटला आणि बघता बघता टपोरे थेंब पडू लागले. म्हाताऱ्या माणसांची पांगापांग झाली, आणि गंमत म्हणजे पळायचं म्हटल्यावर सगळे चांगले पळाले. खुर्च्या मात्र उघड्यावर राहिल्या. हरिओम आणि धनश्री दोघंच त्या देवळाच्या मंडपात ओढत होते. सगळं सामान आत येईपर्यंत दोघंही चिंब झाले होते. मातीचा वास सुटला होता. दगडी खांबाला टेकून ती केस पिळत होती आणि तो दुसऱ्या खांबाला टेकून मुद्दाम पावसाकडं बघत होता.

"असं काय बघताय पावसाकडं?" तिनं विचारलं.

"मग कुणीकडं बघू?"

"मी कुठं काय म्हणाले..."

"म्हणू नका. पण बघू का नको, तेवढं सांगा."

धनश्रीनं मान खाली घातली. पन्हाळीचं पाणी दगडावर धो धो पडत होतं. मग तिनं त्याला एक गोष्ट सांगितली, जी तिनं मैत्रिणींनाही सांगितली नव्हती. गेल्या साली गेवराईकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईचे गुडघे दुखायचे. तिचं शिक्षण ऐकून त्या बाई खूश होऊन म्हणाल्या, चला, आता घरात फुकटची डॉक्टरीण आली. सगळे हसले. तिचे वडीलही हसले. धनश्रीनं त्याच दिवशी नकार दिला.

"कुणाचेही पाय दाबीन मी, हरिओम. ते माझं काम आहे, आवडतं मला. पण त्यासाठी कुणी मला घरात नेलं तर... ते नाही सहन व्हायचं. मग मी कोण राहिले?"

पाऊस उघडला तरी दोघं तिथंच उभे होते.

ती गोष्ट त्याच्या उरावर येऊन बसली. तिला विचारायचं तर कसं विचारायचं? घरात दुसरं माणूस नाही, आजी अशी. मागणी घातली तर गाव हेच म्हणणार, की म्हातारीसाठी बाई आणली. आणि धनश्री? तिलाही तेच वाटलं तर? दिवस भराभर जात होते. कडूबाई आता काठी घेऊन अंगणातून दारातल्या चिंचेपर्यंत जाऊन परत यायची, मधे एकदा अंगणाच्या कठड्याला टेकून. पाडवा दोन दिवसांवर आला. धनश्रीच्या वडिलांचा, परमेश्वररावांचा फोन आला, की काम संपलं की लगेच ये, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी परळीचे पाहुणे बघायला येणार आहेत. तिनं हरिओमला हे अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. सांगताना त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. एवढं तर कुठलीही पोरगी करतेच.

त्याच संध्याकाळी ती निरोप घ्यायला त्याच्या अंगणात आली. कडूबाई दाराच्या आत बाजेवर पडली होती. हरिओम चिंचेखाली उभा होता. तो काहीतरी बोलणार हे तिला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

"मॅडम... धनश्री..." तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं. "तुमी गेल्या तर... म्हंजी मी काय म्हणतो, तुमी हितंच ऱ्हायला पाहिजेत."

"का?"

एवढं सोपं विचारलं होतं तिनं. पण जिथं पाय द्यायचा नाही म्हणून माणूस जपत असतो, तिथंच नेमका त्याचा पाय पडतो. हरिओमची जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली ती भलतीकडंच.

"आजीला... तुमच्याबिगर करमायचं न्हाई. तुमी हितं ऱ्हायल्या तर आजीचं लई भलं हुईल."

धनश्रीच्या तोंडावरचा रंग उतरला. तिचं सगळं शिक्षण, सगळी मऊ भाषा गळून पडली आणि चकलांब्याची पोरगी तेवढी उरली.

"आजीसाठी बाई पाहिजे व्हती का तुमाला?" ती म्हणाली. "तर गावात लई भेटत्याल. मला कावून थांबवायलाव?"

ती वळली आणि गेली. तो तिच्यामागं दोन पावलं धावला, पण काय म्हणायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. आत बाजेवर कडूबाई जागी होती. तिचे पाय थकले होते, कान नव्हते थकले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी हरिओमला परळीला लग्नाचा मंडप घालायचा होता. सकाळी टेम्पोचा आवाज गल्लीतून गेला तेव्हा धनश्री बॅग भरत होती. तिनं खिडकीकडं पाहिलं नाही. रात्रभर रडून डोळे सुजले होते, आणि तिचं तिलाच नवल वाटत होतं, की एवढं रडण्यासारखं काय झालं? एक माणूस चार शब्द चुकीचे बोलला. पण तिनं त्या चार शब्दांची वाट बघितली होती, हेच तर झालं होतं. आता ती जाईल, परळीच्या पाहुण्यांपुढं चहाचा ट्रे नेईल, आणि या वेळी बहुतेक नाही म्हणायचं त्राण तिच्यात नसेल. तिनं एकाच ड्रेसची तीनदा घडी घातली.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा गल्लीतून आवाज यायला लागले. आधी लांबून, मग जवळून. "बसा की मावशी." "अहो बसा, कुठं निघालाव?" "खुर्ची आण रे, खुर्ची आण." धनश्रीनं आधी लक्ष दिलं नाही. मग तिच्या कानांना काहीतरी जाणवलं आणि ती दारात आली.

गल्लीच्या मधोमध कडूबाई चालत होती.

एका हातात काठी. दुसरा हात भिंतीला, जिथं भिंत असेल तिथं. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळावर बुक्का, पायात हरिओमची मोठी चप्पल. प्रत्येक दारातून कुणी ना कुणी खुर्ची घेऊन बाहेर येत होतं आणि ती मान हलवून नको म्हणत होती. शिवकन्यामावशी तर खुर्ची घेऊन मागं मागंच चालल्या होत्या. कडूबाई दम खायला थांबायची, काठीवर कपाळ टेकायची, आणि पुन्हा पाऊल टाकायची. चिंचेच्या पलीकडं ती वर्षभरात गेली नव्हती.

धनश्रीचं सगळं अंग पुढं झेपावलं. धावत जावं, काखेत हात घालावा, निदान हाताला धरावं. तिनं चौकट घट्ट पकडली. जे हरिओमला करायला लावलं होतं ते किती अवघड असतं, हे तिला आज कळलं. म्हातारीचा पाय एकदा गटारीच्या कडेला घसरला तेव्हा धनश्रीच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. पण ती उंबऱ्याच्या बाहेर पडली नाही. कारण कडूबाई तिच्याकडंच बघत येत होती, आणि त्या नजरेत, येऊ नको, असं स्पष्ट होतं.

शेवटी कडूबाई खोलीच्या ओट्यापाशी पोचली. ओट्याची पायरी चढली. समोर उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. नाकपुड्या फुललेल्या, गळ्याची शीर उडत होती.

धनश्री बसा म्हणाली नाही.

"सोयरीक मागायला घरातलं मोठं माणूस जात असतंय," कडूबाई म्हणाली. एकेक शब्द दम घेऊन येत होता. "आमच्या घरात मोठी म्हंजी मीच. खुर्चीसगट उचलून आणलं असतं हऱ्यानं मला. पण तशी आले असते तर तू काय समजली असतीस?"

धनश्रीनं चौकट सोडली.

"म्हून मपल्या पायानं आले. बग नीट. मपलं उठणं-बसणं मी बघते, न्हाणं-धुणं मी बघते. माझ्यासाठी न्हाई मागायले तुला. त्या येड्यासाठी मागायलेय. त्याला बोलता येत न्हाई, पोरी. मी वाढवलंय, मला म्हाईत हाय. त्याला जे लई पाहिजे असतंय, ते तो दुसऱ्याच्या नावानं मागतो."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो करकचून थांबला. कुणीतरी फोन केला असणार. हरिओम उडी मारून उतरला आणि धावत आला, आजे, आजे म्हणत, दोन्ही हात पुढं पसरून. ओट्याच्या पायरीपाशी आला आणि धनश्रीनं तळहात वर केला. थांबा. तो जागच्या जागी थांबला. पसरलेले हात हवेतच राहिले, आणि मग हळूहळू मागं गेले, एकात एक अडकले.

"आजीचं नाव पुढं केलं मी," तो म्हणाला. धापा टाकत होता, पण या वेळी नजर खाली गेली नाही. "मपलं नाव घ्यायची हिंमत न्हवती म्हून. आजी असू दे, नसू दे. उद्या ती पळायला लागली तरी... मला पाहिजे तू. आजीला न्हाई, धनश्री. मला."

गल्लीत शिवकन्यामावशी खुर्ची छातीशी धरून उभ्या होत्या. सगळ्या दारांत माणसं होती. धनश्रीच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"बाबांना फोन करावा लागेल," ती म्हणाली. "परळीच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगा, असं."

हरिओमला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचेही डोळे वाहू लागले, पण हात अजून मागंच बांधलेले. तिनं ओढणीचं टोक त्याच्यापुढं धरलं. या वेळी मधे थांबवलं नाही.

कडूबाईचे पाय आता चांगलेच कापायला लागले होते. काठीही कापत होती.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "मग आता तरी कुणी मला बसा म्हणाल का न्हाई?"

"बसा," दोघंही एकदम म्हणाले.

शिवकन्यामावशींनी खुर्ची ठेवली आणि कडूबाई तीत टेकली. डोळे मिटून तिनं बराच वेळ नुसता श्वास घेतला. हरिओमनं टेम्पो इथपर्यंत आणतो म्हणून हळूच सुचवलं, तशी तिनं डोळे उघडले.

"जरा दम खाऊ द्या," ती म्हणाली. "माघारी बी चालतच जायचंय."